रस्त्यापलीकडची शुभा

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या आमच्या स्टुडिओत एका टूथपेस्टच्या जाहिरातीचं ब्रोमाइड, म्हणजे फोटोकागदावरच्या मजकुराच्या ओळी, चिकटवत होते. बोटांना रबर सोल्यूशन लागलेलं, म्हणून रिसीव्हर मनगटानं कानाशी दाबून धरला. पलीकडे तिचा धाकटा भाऊ सुरेश होता. हॉस्पिटलबाहेरच्या दुकानातून बोलत होता, मागे रिक्षांचे आवाज येत होते. "ज्योत्स्नाताई, ताई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "बाबांना सांगितलंस?" तर म्हणाला, "ते इथेच आहेत." "निघते" म्हणून मी फोन ठेवला, पण लगेच निघाले नाही. छपाईचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकमेकरचा माणूस आर्टवर्क न्यायला येऊन बसला होता. राहिलेल्या ओळी चिकटवल्या, कडा पुसल्या, वर बटरपेपर लावला आणि मगच पर्स उचलली. शुभाला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरोबर केलंस. सरळ चिकटवल्यास ना पण?"

बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. ताप बरेच दिवस उतरत नव्हता, आणि तिच्यासारख्या पेशंटला असा ताप चांगला नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं. शेवटची भेटले तेव्हा ती उशीला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होती. तो सरकारी हिरवा रंग, खाली तेलकट काळपट पट्टा. "ज्यो, हा रंग कुणी निवडला असेल गं?" तिनं विचारलं. "कुणीतरी बसून ठरवलं असणार ना की आजारी माणसानं हाच बघायचा?" मी म्हटलं, बरी हो, मग आपण बदलू. त्यावर ती हसली आणि खोकली. त्यानंतर आम्ही सुरेशच्या नोकरीबद्दल बोललो. अखेरच्या भेटीत माणसं काही अर्थपूर्ण बोलतात असं म्हणतात, आमच्यात तसं काही झालं नाही.

शुभांगी हे तिचं पूर्ण नाव. ते ज्यांच्या कानावर आहे त्यांनी बहुधा भांडुपच्या सावल्यांच्या भिंतीमुळे ऐकलं असेल. गेल्या काही दिवसांत तिच्याविषयी जे चार शब्द छापून आले त्यांत तिला थोर चित्रकार म्हटलं गेलं. ती थोर चित्रकार नव्हती. कॉलेजात तिच्या रेषेचं कुणी कधी कौतुक केलं नाही. आमच्या वर्गात ज्याचा हात खरोखर चालायचा तो दिलीप. मॉडेलसमोर बसला की पाच मिनिटांत माणूस कागदावर उभा करायचा. मी नीटनेटकी, म्हणून पुढे जाहिरातीत गेले. शुभा आमच्यापेक्षा हळू होती. तिचा वेळ कागदापेक्षा आजूबाजूच्या माणसांवर जास्त जायचा. मी मुलुंडची, ती भांडुपची, त्यामुळे संध्याकाळचं परतणं एकत्र. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि शुभा रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. आम्हाला वाटायचं, काय ही वक्तशीर! त्यामागचं कारण आम्हाला कॉलेज संपल्यावर कळलं.

तिचं घर भांडुपच्या डोंगरावरच्या एका चाळीत. वडील, म्हणजे परबकाका, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. मूळ गाव मालवणकडचं, घरात बोलणं मालवणीत. आम्ही डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. चाळीतले निम्मे पुरुष घरी बसून होते. काही गावी निघून गेले होते, काही कांदे-बटाटे विकत होते. परबकाका पहाटे सवयीनं उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत येऊन बसायचे. मी घरी गेले की "बस गे" म्हणायचे, त्यापलीकडे त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला.

चाळीच्या खाली, रस्त्याला लागून, डोंगर खचू नये म्हणून बांधलेली एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती, जुन्या निवडणुकीच्या घोषणा आणि पानाच्या पिचकाऱ्या. ही भिंत रंगवू या, अशी कल्पना दिलीपची. तो एकदा शुभाकडे जेवायला आला होता, उतरताना भिंत बघून तिथेच थांबला. आठवड्याभरात त्यानं स्केच आणलं. धुराडी, बंद फाटक, उगारलेल्या मुठी. सुंदर स्केच होतं, आजही मला तसं काढता येणार नाही. शुभानं ते वर चाळीत नेलं आणि घरोघरी दाखवलं. दोन दिवसांनी परत आणलं.

"नको म्हणतायत," ती म्हणाली.

"कोण नको म्हणतंय?" दिलीपचा आवाज चढला. "त्यांच्याच लढ्याचं चित्र आहे ना यार हे!"

"बाबा म्हणाले, गिरणी काढू नका. ती बंद आहे, ती अजून रोज येता-जाता बघायची?"

"मग काय काढायचं? मोर? कमळं?"

"ते विचारलं मी. कुणी देव म्हणालं, कुणी गावचा समुद्र. एक म्हातारी म्हणाली, माझाच फोटो काढा." शुभानं स्केच त्याच्या हातात दिलं. "मला तिचं पटलं, रे."

पण माणसांचे चेहरे भिंतीवर उतरवायचे तर ते काम एकट्या दिलीपचं होतं आणि तो रुसला होता. तोडगा निघाला तो योगायोगानं. भिंत पश्चिमेला तोंड करून होती. थंडीचे दिवस, संध्याकाळी ऊन थेट तिच्यावर यायचं. आम्ही तिघं भांडत उभे असताना आमच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. शुभानं गेरूचा खडा उचलला आणि भांडण चालू असतानाच दिलीपची सावली गिरवून टाकली. हात कमरेवर, मान ताठ, रागावलेला दिलीप. वरून गॅलरीतून बघणारे लोक हसायला लागले. दुसऱ्या संध्याकाळी ती म्हातारी नवं लुगडं नेसून खाली आली. भिंतीजवळ उभी राहिली, म्हणाली, "काढ माका."

त्यानंतर जे झालं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. रोज ऊन आलं की माणसं खाली यायची, भिंतीपाशी उभी राहायची आणि शुभा त्यांची सावली गिरवायची. आत काय भरायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं आणि आपल्या हातानं भरायचं. चुना, गेरू, पिवडी, नीळ, एवढंच सामान. कुणी आपल्या सावलीत मासे काढले, कुणी नुसती नीळ फासली. साचेवाल्यांनी आपापसात काही बोलणं न करता कापडाच्या चौकड्या भरल्या, किनारी भरल्या. परबकाका सगळ्यात शेवटी उतरले. इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले, मग कित्येक संध्याकाळी एका बारीक ब्रशनं निळी-पांढरी चौकडी विणल्यासारखी भरत राहिले. त्या दिवसांत शुभा भिंतीपाशी कमी आणि रस्त्याच्या पलीकडे जास्त असायची. बांबूची परांची बांधली होती, वरच्या भागात आभाळ भरायला दिलीप, मी आणि चाळीतली पोरं चढायचो. ही पलीकडून ओरडायची, "ज्यो, डावीकडे फिक्कट! काका, हात लांब झालाय, बघा जरा!" दिलीप वरून वैतागायचा. "ही महाराणी. खाली उभी राहून हुकूम सोडते." तिनं परांचीच्या पहिल्या बांबूवरही कधी पाय ठेवला नाही.

त्या भिंतीवरची एक संध्याकाळ मात्र सविस्तर सांगायला हवी. चाळीत सुनंदा नावाची एक सून होती, लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली. तिनंही आपली सावली गिरवून घेतली होती. डोक्यावर हंडा, एक हात वर. आत गर्द हिरवा रंग आणि त्यावर पिवळी फुलं. माझ्या मते भिंतीवरचं सगळ्यात देखणं काम ते. तिचा नवरा कृष्णा गावाहून परतला आणि त्याला हे कळलं. तो खाली आला तेव्हा आम्ही सगळे तिथंच होतो. "माझ्या बायकोला रस्त्यावर उभी केलीस तू?" तो शुभाला म्हणाला. "उद्या कोणपण येईल, टेकेल, थुंकेल. पुसून टाक." दिलीप परांचीवरून उडी मारून खाली आला, म्हणाला, "कुणीही काही पुसणार नाही." दोघं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. शुभा मधे गेली. कृष्णाला म्हणाली, "मी काढली नाही, तिनं काढलीय. तिला विचारा."

सुनंदा तोवर खाली येऊन उभी होती. कुणाकडे न बघता म्हणाली, "पुसते मी." शुभानं चुन्याची बादली आणि कुंचला तिच्या हातात दिला. दिलीप संतापानं लाल झाला. "तू थांबव ना तिला! काय बघत उभी राहिलीस?" शुभा हळूच म्हणाली, "रात्री त्या घरात तिला राहायचंय, दिलीप. तुला नाही."

सुनंदा पुसत होती. आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो, कारण जवळून बघवत नव्हतं. ऊन गेलं, काम संपलं, ती बादली ठेवून वर निघून गेली. मग शुभानं माझा दंड धरला. "ज्यो... बघ." सुनंदानं चुना लावला होता तो फक्त रेषेच्या आत. हंड्याची गोलाई, कोपर, पदराचं टोक, सगळं जपून. हिरवी बाई गेली होती आणि त्या रंगीबेरंगी गर्दीत एक पांढरीशुभ्र बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. स्टेशनकडून येणाऱ्याला सगळ्यात आधी तीच दिसायची. कृष्णानं बराच वेळ भिंतीकडे बघितलं. पुसायला सांगितलं होतं, ती पुसली होती. तोही वर गेला. शुभा हसली नाही, टाळीही दिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदा नेहमीसारखी पाणी भरायला उतरलेली दिसली, तेव्हा कुठे शुभानं सुटकेचा सुस्कारा सोडला.

पुढे एका रविवारच्या पुरवणीत त्या भिंतीवर मोठा लेख आला. त्यात लिहिलं होतं की या तरुण चित्रकर्तीनं कलावंताचा हात मागे घेऊन कुंचला लोकांच्या हाती दिला, ही लोकसहभागाची नवी दृष्टी आहे, वगैरे. शुभाला बोलावणी यायला लागली. घाटकोपरच्या एका शाळेनं बोलावलं, कांदिवलीच्या एका सोसायटीनं बोलावलं. मी नोकरी सांभाळून रविवारी जायचे. घाटकोपरला शाळेच्या भिंतीसमोर आम्ही डबा खात बसलो होतो. मी सहज म्हटलं, "अगं, लेखात लिहिलंय ते तू आधीपासून ठरवलं होतंस का? हात मागे घेणं वगैरे?"

ती पोळीचा घास हातात धरून हसायलाच लागली. "कसलं ठरवणं! माझ्या हृदयाची झडप खराब आहे. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा, तेव्हापासून. मला चढायला बंदी आहे. दम लागतो म्हणून लोकांना कामाला लावलं, तर त्याला म्हणे दृष्टी!"

मला तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग आठवला, कुणी यायच्या आत तिनं थांबत थांबत चढलेले जिने डोळ्यांपुढे आले, परांची आठवली. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्ची आणून दिली असती," ती म्हणाली. "दिलीपच्या शिव्या परवडल्या. निरोगी माणसाला देतात ना, तशा होत्या त्या."

दिलीपला ते मीच सांगितलं. तो तेव्हा अंधेरीच्या फिल्म स्टुडिओत सेटवरचे पडदे रंगवायला लागला होता. ऐकून त्यानं सिगारेट पेटवली, विझवली, आणि म्हणाला, "वाट लागली यार." पुढच्या रविवारी तो घाटकोपरला हजर झाला. शुभाला बघताच ओरडला, "काय महाराणी, आज काय हुकूम?" त्यानं तिला खुर्ची आणून दिली नाही. मला वाटतं, तिला त्याच्याकडून हवं होतं ते त्यानं नेमकं ओळखलं होतं.

त्यानंतर वर्षभरात तिचं ऑपरेशन झालं. झडप बदलली. ते दिवस घरच्यांना फार जड गेले, पण ती त्यातून उठली आणि तिच्या गालांवर मी पहिल्यांदाच रंग बघितला. डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली. मग तिनं कांदिवलीच्या सोसायटीची ती उंच भिंत घेतली आणि जाहीर केलं, ही मी एकटी करणार. वर चढून. लोकांचे हात नकोत, कुणाच्या सावल्या नकोत, माझं चित्र. तिच्या आईनं देव पाण्यात ठेवले. शुभा परांचीवर चढली, खाली आमच्याकडे बघून हात हलवला, आणि महिनाभर तिथंच राहिली. तिनं समुद्र काढला, तिच्या गावचा, होड्या आणि माडांसकट.

चित्र चांगलं झालं नाही. हे मी आता लिहिते आहे असं नाही, तेव्हाही तिला सांगितलं होतं, कारण तिनं विचारलं होतं. होड्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, लाटांची नुसती नक्षी झाली होती. सोसायटीवाले खूश होते, उद्घाटनाला पेढे वाटले. ती माझ्या शेजारी रस्त्यापलीकडे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वरून काही दिसतच नाही गं. एवढंसं दिसतं, नाकासमोरचं. सगळी माणसं वर चढायला एवढी का धडपडतात?" मला वाईट वाटेल असं काहीतरी ती पुढे बोलेल असं वाटलं, पण नाही. "चढून बघितलं, झकास झालं," ती म्हणाली, "आता भूक लागली." आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खाल्ला. त्यानंतरच्या कुठल्याही भिंतीवर ती चढली नाही. आता तिला तशी मोकळीक होती, तरीही ती पुन्हा पलीकडेच उभी राहायला लागली, आणि माझ्या मते तिची खरी चांगली कामं त्या पुढच्या थोड्या वर्षांतली आहेत. ती कामं तिची म्हणावीत की त्या त्या गल्लीतल्या लोकांची, हे मला नक्की सांगता येत नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय? बघ ना चित्र."

भांडुपची भिंत आता नाही. रस्ता रुंद झाला, गटार बांधलं, भिंतीला नवं प्लास्टर झालं. ते काम चालू असताना मी तिला फोन करून म्हटलं होतं, काही तरी करू, पेपरात लिहू. ती म्हणाली, "पावसात डोंगर खाली आला असता, ज्यो. प्लास्टर हवंच होतं." तिच्या अंत्ययात्रेला दिलीप आला होता, दाढी वाढलेली, थेट सेटवरून. डोंगराच्या उतारावरून खाली येताना त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी पुढे दाखवलं. खांदा देणाऱ्यांमध्ये कृष्णा होता. सुनंदा बायकांबरोबर वर गॅलरीत उभी होती.

गेल्या रविवारी दुपारी मी तिच्या घरी जाऊन आले. आईंनी चहा टाकला. परबकाका गॅलरीत नेहमीच्या जागी बसले होते, त्यांच्या शेजारी एक बुटका लाकडी पाट कठड्याला लागून ठेवलेला. मी त्यावर बसायला गेले तर ते म्हणाले, "बस गे, बस. तिचोच तो." मग, मी त्यांना ओळखते तेव्हापासून कधी बोलले नसतील एवढं ते सलग बोलले. "लहान होती तेव्हा डॉक्टरान सांगल्यान, धावूक नाय, उड्ये मारूक नाय. पोरां खाली खेळत. मग ही हय बसान सगळ्यांचो खेळ बघी. कोण आउट झालो, कोणी फसवल्यान, तां हिका वरसून बरोबर दिसा. भांडण झाला काय पोरां वर बघत. ही सांगी तो निकाल." त्यांनी खाली अंगणाकडे बघितलं. "मोठी झाली तरी पोरां तिकाच विचारीत. आत्ता दिवाळीपर्यंत..."

खाली अंगणात मुलांचा लगोरीचा डाव रंगला होता. आम्ही चहा घेत बसलो. थोड्या वेळानं आरडाओरडा सुरू झाला. लगोरी लागली होती, नव्हती लागली, चेंडू आधी बसला की नंतर. दोन्ही बाजू हातघाईवर आल्या. एका मुलीनं मान वर केली, तोंडाशी दोन्ही हात नेऊन हाक मारली, "शुभाताई—" आणि तिथेच थांबली. सगळी मुलं तशीच वर बघत उभी राहिली, कुणालाच मान खाली घालायचं सुचेना. आतून आईंच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

परबकाकांनी कप खाली ठेवला. उठून कठड्यापाशी गेले, वाकून खाली बघितलं.

"लागली नाय," ते म्हणाले. "परत खेळा."